फितीवरचा विनोद: ल्युसील बॉल यांची कारकीर्द आणि दूरचित्रवाणीवरील हास्यमालिकेची घडण

अमेरिकेत दूरचित्रवाणी घरोघरी पोहोचली ती 1950 ते 1960 या दहा वर्षांत. दशकाच्या आरंभी तेथील दर 100 घरांपैकी जेमतेम 9 घरांत दूरचित्रवाणी संच होता, दशकाच्या अखेरीस तो 87 घरांत होता. या काळाच्या पूर्वार्धात संचावर दिसणारे विनोदी कार्यक्रम मुख्यतः न्यूयॉर्कच्या स्टुडिओंतून, घडत असतानाच प्रक्षेपित होत, आणि त्यांपैकी थोडेच आज धड पाहण्याजोग्या स्वरूपात हाती लागतात. ‘आय लव्ह ल्युसी’ ही 1951 ते 1957 या काळातील मालिका मात्र सात दशके उलटून गेल्यावरही स्वच्छ आणि रेखीव चित्रांत पाहता येते. तिच्या टिकून राहण्याचे श्रेय सामान्यतः तिच्या नायिकेला, म्हणजे ल्युसील बॉल यांच्या अभिनयाला दिले जाते, आणि ते वावगे नाही. तथापि, त्या काळी हसवण्याची ताकद असलेले नट इतरही होते. बॉल यांचा विनोद टिकला याचे एक कारण तो टिकाऊ वस्तूवर, म्हणजे चित्रपटाच्या फितीवर नोंदवला गेला हे होते. आणि ही नोंद कलेच्या चिरंतनत्वाचा विचार करून झालेली नव्हती, तर एका नटीने नवऱ्याला कामात बरोबर घेण्याचा आणि राहते गाव न सोडण्याचा जो हट्ट धरला, त्याच्या निस्तरणीतून ती निघाली. एका संसाराची सोय पाहताना एका धंद्याची रीत कशी पडली, हे या कारकिर्दीच्या इतिहासातून दिसून येते.

ल्युसील बॉल यांचा जन्म 6 ऑगस्ट 1911 रोजी न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला असलेल्या जेम्सटाउन या गावी झाला. वडील टेलिफोनच्या तारा ओढण्याचे काम करीत. 1915 साली ते विषमज्वराने वारले, तेव्हा मुलगी अवघी तीन वर्षांची होती. पुढे जवळच्या सेलोरॉन या तळ्याकाठच्या गावात आईच्या वडिलांच्या, म्हणजे फ्रेड हंट यांच्या घरी तिचे बालपण गेले. हंट समाजवादी विचारांचे होते आणि त्यांना व्हॉडव्हिलचा नाद होता. गाणे, नाच, नकला, कसरती, जादू असे सुटे प्रयोग एकामागून एक, एकाच तिकिटात दाखवणाऱ्या रंगमंचीय करमणुकीला अमेरिकेत व्हॉडव्हिल म्हणत. आजोबांच्या या दोन्ही ओढींचे पडसाद नातीच्या आयुष्यात पुढे उमटले: एकीने तिला धंदा दाखवला, दुसरीने तो जवळजवळ हिरावून घेतला. 1926 च्या सुमारास बॉल न्यूयॉर्कच्या एका नाट्यशाळेत दाखल झाल्या, परंतु बुजरेपणामुळे या मुलीकडून नाटक व्हायचे नाही असे ठरवून शाळेने त्यांना परत पाठवले. याच शाळेत त्याच सुमारास पुढे गंभीर भूमिकांसाठी नावाजलेल्या बेट डेव्हिस शिकत होत्या, ही गोष्ट शिक्षकांच्या पारखीविषयी जितके सांगते तितकेच बॉल यांच्या गुणांच्या जातीविषयीही सांगते, कारण गंभीर नाटकाच्या तराजूत मावावे असे ते गुण नव्हतेच.

त्यानंतरची काही वर्षे बॉल यांनी न्यूयॉर्कमध्ये कपड्यांच्या आणि सिगारेटच्या जाहिरातींसाठी मॉडेल म्हणून काढली. 1933 साली ‘रोमन स्कँडल्स’ या चित्रपटातील समूहनृत्याच्या ताफ्यातून त्या हॉलिवुडला पोहोचल्या आणि 1935 पासून आरकेओ या चित्रसंस्थेच्या पगारी नटी झाल्या. ‘टॉप हॅट’ (1935) मध्ये फुलांच्या दुकानातील विक्रेती आणि ‘स्टेज डोअर’ (1937) मध्ये होतकरू नटींच्या वसतिगृहातील एक रहिवासी अशा चढत्या पायरीच्या भूमिका त्यांना मिळाल्या, पण मुख्यतः त्यांचे नाव जोडले गेले ते ‘बी’ वर्गाच्या चित्रपटांशी. एका तिकिटात दोन चित्रपट दाखवण्याच्या तत्कालीन पद्धतीत मुख्य चित्रपटाला जोड म्हणून जो कमी खर्चाचा, कमी लांबीचा दुसरा चित्रपट असे, त्याला हे नाव होते. या वर्गाच्या चित्रपटांची राणी ही त्यांना मिळालेली पदवी कौतुकाची तितकीच मर्यादा दाखवणारीही होती. 1942 मध्ये त्या एमजीएम या अधिक श्रीमंत चित्रसंस्थेत गेल्या. तेथे त्यांचे केस लाल रंगवण्यात आले आणि तो रंग त्यांची ओळख ठरला, जरी पुढे ज्या मालिकेने त्यांना कीर्ती दिली ती कृष्णधवल असल्यामुळे प्रेक्षकांना तो केवळ संवादांतून आणि मासिकांतील छायाचित्रांतूनच ठाऊक होता. एमजीएममधील खरी कमाई वेगळीच होती. मूकपटांचे नामवंत विनोदवीर बस्टर कीटन पडत्या काळात याच संस्थेत विनोदी प्रसंग सुचवण्याच्या नोकरीवर होते. टोपी, शिडी, बादली यांसारख्या साध्या वस्तूला सहनट मानून तिच्याशी खेळायचे कसे, वस्तू हाती घेण्यापूर्वी तिचे वजन आणि तिची खोडी कशी ओळखायची, याचे धडे बॉल यांनी त्यांच्याकडून घेतले. नाट्यशास्त्रकार भरताच्या परिभाषेत सांगायचे तर, वाचिक म्हणजे शब्दांच्या अभिनयावर पोसलेल्या हॉलिवुडच्या बोलपटात राहून त्यांनी आंगिक म्हणजे देहाच्या अभिनयाची लोप पावत चाललेली विद्या तिच्या एका अखेरच्या धारकाकडून उचलली.

1940 साली ‘टू मेनी गर्ल्स’ या चित्रपटाच्या वेळी त्यांची डेझी आर्नाझ यांच्याशी गाठ पडली आणि त्याच वर्षी 30 नोव्हेंबरला दोघांचा विवाह झाला. आर्नाझ क्यूबाचे, त्यांचे वडील सँतियागो शहराचे महापौर होते, पण 1933 च्या क्रांतीत घरदार गमावून हे कुटुंब मायामीला आले आणि मुलाने वाद्यवृंदात गाऊन, ढोल वाजवून पोट भरण्यास सुरुवात केली. लग्नानंतर आर्नाझ वाद्यवृंद घेऊन गावोगाव फिरत, बॉल हॉलिवुडमध्ये चित्रीकरण करीत, आणि वर्षाचे कित्येक महिने संसार टेलिफोनवर चाले. 1944 मध्ये बॉल यांनी घटस्फोटाचा अर्जही केला होता, तो नंतर मागे पडला. 1948 च्या जुलैत सीबीएस या प्रक्षेपण कंपनीच्या रेडिओवर त्यांची ‘माय फेव्हरेट हजबंड’ ही नभोनाट्यमाला सुरू झाली. एका मध्यमवर्गीय जोडप्याच्या घरातील गोंधळावर बेतलेली ही मालिका जेस ओपनहायमर यांच्या देखरेखीखाली तयार होई, आणि मॅडलिन प्यू व बॉब कॅरल ही लेखकजोडी ती लिही. रेडिओचा हा कार्यक्रम स्टुडिओत जमलेल्या प्रेक्षकांपुढे होत असे, आणि त्यांच्यासमोर बॉल केवळ संहिता वाचून थांबत नसत. चेहरा, हात, खांदे यांचा त्या मोकळा वापर करीत. त्यामुळे घरी बसलेल्या श्रोत्याला न दिसणाऱ्या कारणांनी स्टुडिओत हशा पिकू लागला. ही नटी डोळ्यांनी पाहण्याची आहे, हे सीबीएसच्या ध्यानी आले ते येथेच.

दूरचित्रवाणीवर हीच मालिका करण्याची सूचना कंपनीने केली तेव्हा बॉल यांनी एकच अट घातली: पडद्यावरचा नवराही खराच असला पाहिजे. रेडिओवर ती भूमिका रिचर्ड डेनिंग करीत होते. कंपनीचा आक्षेप असा, की स्पॅनिश हेल वागवणारा, क्यूबाहून आलेला पुरुष अस्सल अमेरिकन बाईचा नवरा म्हणून प्रेक्षकांना पटणार नाही. त्यावर 1950 च्या उन्हाळ्यात या जोडप्याने व्हॉडव्हिल पद्धतीचा एक प्रयोग बसवून तो शहरोशहरी रंगमंचावर केला, आणि प्रेक्षकांना ही जोडी रुचते हे तिकीटबारीवर सिद्ध करून दाखवले. अशा रीतीने मालिकेच्या तळाशी असलेली प्रेरणा कौटुंबिक होती. नवरा दौऱ्यावर न जाता संध्याकाळी घरी यावा, एवढ्यासाठी बायकोने त्याला नोकरीत घ्यायला लावले होते.

तंबाखू कंपनी फिलिप मॉरिस ही प्रायोजक म्हणून पुढे आली आणि मग दुसरा पेच उभा राहिला. प्रायोजक म्हणजे कार्यक्रमाचा खर्च उचलून त्यात आपल्या मालाची जाहिरात करणारी कंपनी. त्या काळी एखादा कार्यक्रम सर्वस्वी एकाच प्रायोजकाचा असणे ही रूढ गोष्ट होती. देशातील बहुतेक संच पूर्वेकडे आणि मध्यपश्चिमेत होते, आणि तेथे स्वच्छ चित्र पोहोचवायचे तर कार्यक्रम न्यूयॉर्कमध्ये व्हायला हवा, असे प्रायोजकाचे म्हणणे होते. दूरच्या ठिकाणांसाठी ‘किनेस्कोप’ नावाची सोय असे: दूरचित्रवाणीच्या काचेवर उमटणाऱ्या चित्रासमोर कॅमेरा ठेवून त्याचे चित्रीकरण करायचे आणि ती फीत टपालाने पाठवायची. असे चित्र धुरकट आणि कडा पुसलेले दिसे. कार्यक्रम हॉलिवुडमध्ये झाला असता तर हे धुरकट चित्र पश्चिमेऐवजी पूर्वेच्या वाट्याला, म्हणजे सिगारेटच्या मुख्य गिऱ्हाइकांच्या वाट्याला आले असते. बॉल मात्र हॉलिवुड सोडण्यास तयार नव्हत्या. त्यांना दिवस गेले होते आणि 17 जुलै 1951 रोजी त्यांच्या मुलीचा जन्म झाला. तोडगा म्हणून कार्यक्रम थेट प्रक्षेपित न करता चित्रपटासारखा 35 मिलिमीटर फितीवर चित्रित करावा असे ठरले, ज्यायोगे देशभर सारखेच स्वच्छ चित्र जाईल. यात खर्च वाढत होता. तो भरून काढण्यासाठी या जोडप्याने आठवड्याच्या 5000 डॉलर मानधनापैकी 1000 डॉलर सोडले आणि बदल्यात तयार फितींची मालकी आपल्या कंपनीकडे मागून घेतली. दोघांच्या नावांचे आरंभीचे भाग जोडून त्या कंपनीचे नाव ‘डेझिलू’ ठेवले होते. एकदा दाखवून झालेल्या कार्यक्रमाला रद्दीहून अधिक किंमत नाही, असे मानण्याचा तो काळ असल्यामुळे सीबीएसने ही मागणी फारशी घासाघीस न करता मान्य केली. प्रक्षेपणाच्या इतिहासात इतका महाग पडलेला होकार क्वचितच सापडेल.

फितीवर चित्रण करायचे, पण प्रेक्षकांसमोर, हा यातील पुढचा प्रश्न होता. नेहमीच्या चित्रपटात एकच कॅमेरा असतो, आणि जागा बदलून तोच प्रसंग पुनःपुन्हा केला जातो. अशा तुटक चित्रणात समोर बसलेला प्रेक्षक चौथ्या वेळी हसत नाही. बॉल यांच्या विनोदाला तर प्रेक्षकाच्या हशाची तालावरच्या समेसारखी गरज होती. म्हणून तीन कॅमेऱ्यांनी एकाच वेळी, दूरचे, मध्यम आणि जवळचे अशी तिन्ही प्रकारची दृश्ये टिपण्याची पद्धत स्वीकारण्यात आली. या पद्धतीचा शोध डेझिलूने लावला असे सरसकट सांगितले जाते, ते खरे नाही. अनेक कॅमेऱ्यांनी फितीवर चित्रण करण्याचे प्रयोग दूरचित्रवाणीत त्यापूर्वी झाले होते. डेझिलूने केले ते असे, की या पद्धतीला प्रेक्षकगृहाची आणि आठवड्याच्या शिस्तीची जोड देऊन तिचा रोजचा धंदा करून दाखवला. छायाचित्रणासाठी कार्ल फ्रॉइंट यांना बोलावण्यात आले. जर्मनीत ‘मेट्रोपोलिस’ (1927) हा मूकपट चित्रित करणारे आणि हॉलिवुडमध्ये ‘द गुड अर्थ’साठी ऑस्कर मिळवलेले हे ज्येष्ठ छायाचित्रकार सावल्यांचे उस्ताद मानले जात, आणि येथे त्यांच्यापुढे काम आले ते नेमके सावल्या नाहीशा करण्याचे, कारण तीन कॅमेरे तीन दिशांनी पाहत असताना एकाला सोयीचा दिवा दुसऱ्याच्या चित्रात काळोख पाडतो. त्यांनी बहुतेक दिवे वर टांगून संपूर्ण नेपथ्यावर सारखा प्रकाश पसरवला, आणि भिंतींपासून सामानापर्यंत सर्व काही करड्या रंगाच्या निरनिराळ्या छटांत रंगवून घेतले. हॉलिवुडमधील एका भाड्याच्या स्टुडिओची भिंत रस्त्याच्या बाजूने फोडून प्रेक्षकांसाठी दार काढण्यात आले आणि आत सुमारे 300 जणांसाठी पायऱ्यापायऱ्यांची बैठक उभारण्यात आली. तीन फितींचे संकलन करण्यासाठी अनेक पडदे जोडलेले खास यंत्र तयार करवून घेतले गेले, ज्याला संकलकांनी राक्षस असे नाव दिले होते.

15 ऑक्टोबर 1951 च्या सोमवारी रात्री पहिला भाग प्रक्षेपित झाला. मालिकेची मांडणी साधी होती. न्यूयॉर्कच्या एका जुन्या इमारतीत क्यूबन वाद्यवृंदाचा प्रमुख रिकी रिकार्डो आणि त्याची बायको ल्युसी भाड्याने राहतात. घरमालक फ्रेड आणि त्याची बायको एथेल हे त्यांचे शेजारी, आणि या भूमिका विल्यम फ्रॉली व व्हिव्हियन व्हान्स यांनी केल्या. पात्रे आणि जागा कायम ठेवून दर आठवड्याला नवा घोळ घालायचा आणि अर्ध्या तासात तो निस्तरून सर्वांना होते त्या जागी आणून ठेवायचे, या रचनेला प्रसंगनिष्ठ विनोदी मालिका म्हणतात. तिच्यात पात्र चुकांतून काही शिकत नाही, कारण शिकले तर पुढच्या आठवड्याचा भागच संपेल. ल्युसीचा हट्ट एकच होता: नवऱ्याच्या कार्यक्रमात आपल्याला काम मिळावे, आणि नवऱ्याचे उत्तरही एकच होते: मिळणार नाही. पडद्याबाहेर नेमके उलटे घडले होते, तेथे नवऱ्याला आत घेण्यासाठी बायकोने हट्ट धरला होता आणि नकार कंपनीने दिला होता. रिकीच्या मोडक्या इंग्रजीवर हशा पिकत असे, परंतु लेखकांना लवकरच कळून चुकले, की त्या उच्चारांची टिंगल ल्युसीने केली तरच प्रेक्षक हसतात, दुसऱ्या कोणी केली तर गप्प राहतात. नवऱ्याला वेडावण्याचा हक्क बायकोचा, परक्याचा नव्हे, हा लोकव्यवहारातील नियम त्यांनी मग कटाक्षाने पाळला.

या मालिकेतील विनोद उत्स्फूर्त वाटतो, पण त्यात आयत्या वेळचे काही नव्हते. आठवड्याच्या आरंभी संहितेचे वाचन, नंतर दोन-तीन दिवस तालीम, मग कॅमेऱ्यांसह तालीम आणि शेवटी प्रेक्षकांपुढे सलग प्रयोग असा क्रम ठरलेला असे. अंगविक्षेपाचे प्रसंग लेखक संहितेत हालचालीगणिक, ठळक मोठ्या अक्षरांत लिहून देत, त्यामुळे ते पान काळेभोर दिसे आणि बॉल त्या मजकुराला ‘काळे सामान’ म्हणत. एखादी करामत बाईच्या अंगाला झेपेल का हे मॅडलिन प्यू आधी स्वतः करून पाहत. बॉल यांचा एकच आग्रह असे: प्रयोगात जी वस्तू वापरायची ती तालमीतही हवी, तिच्याऐवजी दुसरी चालणार नाही. कीटन यांच्या शिकवणुकीचा हा धागा होता.

या पद्धतीचा उत्तम नमुना म्हणजे 15 सप्टेंबर 1952 रोजी प्रक्षेपित झालेला ‘जॉब स्विचिंग’ हा भाग. पैसा कमावणे सोपे की घर चालवणे, या वादातून नवरे स्वयंपाकघरात शिरतात आणि बायका चॉकलेटच्या कारखान्यात नोकरीला लागतात. आधी ल्युसीला चॉकलेट बुडवण्याच्या टेबलावर एका अनुभवी कामगार बाईशेजारी बसवतात. त्या भूमिकेसाठी खरोखरच चॉकलेट बनवणारी बाई आणली होती, आणि तिच्या हातांची यंत्रवत सफाई व ल्युसीचे नाटकी अनुकरण यांतला विरोधच हसवतो. नंतर दोघी मैत्रिणी सरकत्या पट्ट्यासमोर उभ्या राहतात. येणारे प्रत्येक चॉकलेट कागदात गुंडाळून परत पट्ट्यावर ठेवायचे, आणि एकही नागडे पुढे गेले तर नोकरी गेली, असे मुकादमीण बजावते. पट्टा प्रथम संथ चालतो आणि ल्युसी हे तर सोपे आहे असे म्हणून घेते. मग चॉकलेटे जवळजवळ येऊ लागतात. हुकलेले एखादे ती मैत्रिणीकडे न सरकवता तोंडात टाकते, मग दोन, मग टोपीत, मग झग्याच्या गळ्यात. मुकादमीण येते तेव्हा पट्टा रिकामा असतो आणि दोघींचे गाल फुगलेले असतात. ती खूश होऊन पट्टा आणखी वेगाने सोडण्याचा हुकूम देते. चॅप्लिन यांच्या ‘मॉडर्न टाइम्स’ (1936) मध्येही सरकत्या पट्ट्यापुढे माणसाची अशीच दैना होते, परंतु तेथे यंत्र माणसाला वेडे करते, येथे मात्र बाई शेवटपर्यंत शहाणी राहून केवळ पुरावा नाहीसा करण्यात गुंतलेली आहे. पाहुणे दाराशी आले असताना पसारा पलंगाखाली ढकलणाऱ्या गृहिणीची ती अक्कल कारखान्यात आली आहे, आणि म्हणूनच हा प्रसंग कोणत्याही देशात समजून सांगावा लागत नाही.

त्याच वर्षी 5 मे रोजी दाखवलेल्या दुसऱ्या एका भागात ल्युसी टॉनिकच्या जाहिरातीत काम मिळवते. त्या औषधात 23 टक्के मद्यार्क असल्याचे तिला ठाऊक नसते आणि तालीम करताना ती चमच्यामागून चमचा घेत जाते. जाहिरातीचा मजकूर तोच राहतो, जीभ मात्र दर वेळी थोडी अधिक जड होते. झिंगलेल्या माणसाचे सोंग रंगमंचावर नवे नव्हते. येथे कसब आहे ते पायऱ्यांचे, म्हणजे पहिल्या चमच्याला तोंड वाकडे करणारी बाई पाचव्या चमच्याला हसरी केव्हा झाली हे कळू न देण्याचे. आणि ज्या कार्यक्रमाचा खर्च सिगारेटची कंपनी उचलत होती, त्यात जाहिरातीच्या भाषेचीच अशी खिल्ली उडवणे हा धीटपणाही होता.

1952 मध्ये बॉल पुन्हा गरोदर राहिल्या तेव्हा मालिका बंद ठेवण्याऐवजी ल्युसीलाही गरोदर दाखवण्याचे ठरले. त्या काळी पडद्यावरचे नवरा-बायको वेगवेगळ्या पलंगांवर झोपत. सीबीएसने ‘गरोदर’ या अर्थाचा सरळ इंग्रजी शब्द उच्चारण्यास मनाई केली आणि त्याऐवजी ‘बाळाची वाट पाहते आहे’ अशा धाटणीचा शब्द वापरला गेला. एक कॅथलिक धर्मगुरू, एक प्रॉटेस्टंट पाद्री आणि एक ज्यू रब्बाय यांच्या नजरेखालून त्या संहिता गेल्या. 19 जानेवारी 1953 रोजी सकाळी बॉल यांना ठरलेल्या शस्त्रक्रियेने मुलगा झाला आणि त्याच रात्री आधी चित्रित करून ठेवलेल्या भागात ल्युसीलाही मुलगा झाला. सुमारे 4 कोटी 40 लाख लोकांनी तो भाग पाहिला. संच असलेल्या घरांपैकी जवळजवळ 72 टक्के घरांत त्या वेळी तोच कार्यक्रम चालू होता. दुसऱ्या दिवशी झालेल्या राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या शपथविधीला एवढे प्रेक्षक लाभले नाहीत. या महिन्यांत फितीचा पहिला अनपेक्षित उपयोगही ध्यानात आला: बाळंतपणामुळे नवे भाग कमी पडू लागले तेव्हा जुनेच भाग नव्या प्रस्तावनेसह पुन्हा दाखवले गेले, आणि प्रेक्षकांनी ते आवडीने पाहिले.

याच वर्षी आजोबांची दुसरी ओढ अंगावर आली. 1936 साली बॉल यांनी मतदार म्हणून नाव नोंदवताना कम्युनिस्ट पक्ष लिहिला होता. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाची एक समिती त्या सुमारास कम्युनिस्टांचा शोध घेत होती आणि नुसत्या संशयावरून अनेक कलावंतांची कामे बंद झाली होती. सप्टेंबर 1953 मध्ये बॉल यांनी समितीपुढे सांगितले, की ती नोंद केवळ म्हाताऱ्या आजोबांचे मन राखण्यासाठी केली होती आणि पक्षाशी आपला संबंध नव्हता. काही दिवसांतच बातमी फुटली. त्या आठवड्याच्या चित्रीकरणापूर्वी आर्नाझ यांनी प्रेक्षकांसमोर येऊन पत्नीची बाजू मांडली आणि तिच्या अंगी लाल काही असेल तर ते केस, आणि तेही खरे नाहीत, अशा आशयाचा विनोद केला. प्रेक्षकांनी टाळ्यांनी उत्तर दिले. प्रायोजक आणि सीबीएस दोघेही पाठीशी राहिले. याच कारणाने कामातून उठलेल्या कलावंतांना हे भाग्य लाभले नव्हते, आणि बॉल यांना ते लाभले यात निर्दोषत्वाइतकाच वाटा त्यांच्या मालिकेवर उभ्या असलेल्या पैशाचाही होता, कारण त्याच फेब्रुवारीत फिलिप मॉरिसने मालिकेशी 80 लाख डॉलरचा करार केला होता.

मालिका सहा हंगाम चालली, त्यांपैकी चार हंगामांत ती देशात पहिल्या क्रमांकावर होती, आणि 1957 च्या मे महिन्यात नियमित भाग थांबले तेव्हाही ती अग्रस्थानीच होती. रद्दी समजून सोडून दिलेल्या त्या फितींचे हक्क सीबीएसनेच आता सुमारे 50 लाख डॉलर मोजून विकत घेतले. कार्यक्रम पुन्हा दाखवून, निरनिराळ्या केंद्रांना विकून त्यावर वर्षानुवर्षे कमाई करण्याच्या या व्यवहाराला पुनःप्रक्षेपण म्हणतात, आणि दूरचित्रवाणी उद्योगाचा तो पुढे एक आधारस्तंभ झाला. आज या मालिकेची खूण मानली जाणारी सॅटिनवरील हृदयाची शीर्षकपट्टी मूळची नव्हे, ती या पुनःप्रक्षेपणासाठी घातलेली आहे. मूळ शीर्षकात रेषांनी काढलेली नवरा-बायकोची चित्रे सिगारेटच्या पाकिटावर चढत-उतरत असत. मिळालेल्या पैशाच्या बळावर डेझिलूने 1957 च्या अखेरीस 60 लाखांहून अधिक डॉलरना आरकेओचे स्टुडिओ विकत घेतले. ज्या आवारात बॉल यांनी फुलवालीची दोन-चार वाक्ये म्हटली होती, ते आवार आता त्यांच्या मालकीचे झाले.

ज्यासाठी हा सगळा खटाटोप होता, तो संसार मात्र टिकला नाही. कामाचा ताण, आर्नाझ यांचे मद्यपान आणि बाहेरख्यालीपणा यांतून दुरावा वाढत गेला आणि 1960 च्या मेमध्ये घटस्फोट झाला. 1962 च्या अखेरीस बॉल यांनी आर्नाझ यांचा हिस्सा विकत घेतला आणि हॉलिवुडच्या एका मोठ्या दूरचित्रवाणी निर्मितिसंस्थेची सूत्रे हाती घेणारी पहिली स्त्री म्हणून त्यांची नोंद झाली. त्याच वर्षी सुरू झालेली ‘द ल्युसी शो’ ही मालिका करीत असतानाच त्या कंपनीही चालवीत. ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळातील मालिका अतिखर्चिक आहे असे संचालकांचे मत असताना अध्यक्ष म्हणून बॉल यांनी तिच्या बाजूने कौल दिला, आणि 1966 मध्ये ‘स्टार ट्रेक’ व ‘मिशन: इम्पॉसिबल’ या दोन्ही मालिका डेझिलूतून बाहेर पडल्या. 1980 च्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ पाहणाऱ्या महाराष्ट्रातील मुलांना त्यातील अंतराळयानाच्या मुळाशी एका विनोदी नटीचा निर्णय आहे, याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. 1967 मध्ये बॉल यांनी कंपनी गल्फ अँड वेस्टर्न या उद्योगसमूहाला सुमारे 1 कोटी 70 लाख डॉलरना विकली.

‘द ल्युसी शो’ 1968 पर्यंत आणि ‘हिअर्स ल्युसी’ 1974 पर्यंत चालली. दूरचित्रवाणीवरील अभिनयासाठीचे चार एमी पुरस्कारही बॉल यांना मिळाले. परंतु नव्या मालिकांतील ल्युसी ही विधवा किंवा एकटी बाई होती, तिच्या उपद्व्यापांना अडवणारा नवरा घरात नव्हता, आणि नकार देणारे कोणी नसले की हट्टातली गंमत उतरते. 1986 च्या सप्टेंबरमध्ये पंचाहत्तरी गाठलेल्या बॉल ‘लाइफ विथ ल्युसी’ ही मालिका घेऊन आल्या. लेखक तेच प्यू आणि कॅरल होते, पडणे-घसरणेही तेच होते, पण वयस्कर बाई शिडीवरून लोंबकळते तेव्हा प्रेक्षक हसत नाही, तिला लागेल का अशी धास्ती घेतो. तयार झालेल्या 13 भागांपैकी 8 दाखवून मालिका बंद करण्यात आली. त्या डिसेंबरच्या 2 तारखेला आर्नाझ वारले, आणि पाचच दिवसांनी केनेडी सेंटरचा राष्ट्रीय सन्मान स्वीकारण्यासाठी बॉल वॉशिंग्टनच्या सभागृहात बसल्या. 26 एप्रिल 1989 रोजी लॉस एंजेलिस येथे त्यांचे निधन झाले.

शेवटच्या मालिकेच्या अपयशाची कारणे देताना वय, बदललेली अभिरुची आणि शिळी संहिता यांचा उल्लेख होतो, पण एक कारण बॉल यांच्याच जुन्या करारात होते. ज्या नटांचा विनोद थेट प्रक्षेपणात विरून गेला, त्यांच्याशी त्यांची तुलना केवळ आठवणीने होत असे, आणि आठवण नेहमीच थोडी उदार असते. बॉल यांच्या बाबतीत ती सवलत नव्हती. 1986 मध्ये ज्या घरात पंचाहत्तर वर्षांची ल्युसी दिसत होती, त्याच घरात दुसऱ्या एखाद्या केंद्रावर चाळिशीतली ल्युसी, आठवड्याला 1000 डॉलर सोडून राखलेल्या त्या स्वच्छ फितीवर, गाल फुगवून चॉकलेटे लपवीत होती. आणि त्या सरकत्या पट्ट्यापुढे तिच्याइतकी चपळ दुसरी कोणी नव्हती, खुद्द बॉल यांच्यासह.